काळा किती वर्षं टिकतो

इन्साफ खालतोने दुकानात विचारलेला एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. विचारला होता तिने दोन-अडीच महिन्यांपूर्वी, तेव्हा मी हसण्यावारी नेला होता. त्याचा अर्थ मला परवा कळला आणि तेव्हापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही.

रम्ल स्टेशनजवळच्या वदीअच्या दुकानात आम्ही दोघी घरी फोटो छापायचा प्रिंटर बघायला गेलो होतो. अशा दुकानात माणसं काय विचारतात? चेहरा नीट येईल का, शाई किती दिवस पुरते, कागद इथेच मिळतो की आणखी कुठे. खालतो सगळं ऐकून घेत उभी होती. हातातली पर्स पोटाशी धरलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. वदीअचं बोलून संपलं तशी म्हणाली, "ते सगळं ठीक. यातला काळा किती वर्षं टिकतो?"

खालतो म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. जन्मभर मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं तिने. आमच्याच इमारतीत, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहते. तिची विचारायची तऱ्हाच वेगळी. मासळी बाजारात गेली की भाव विचारत नाही, मासा उचलून विचारते, "हा काल रात्री कुठे होता?" माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा नवऱ्या मुलाला सगळे पगार आणि घर विचारत होते. हिने विचारलं, "चिडलास की जेवतोस का?" तो जेवतो म्हणाला आणि हिने होकार देऊन टाकला. त्यामुळे काळ्या रंगाचा प्रश्नही मी त्याच माळेत ओवला.

प्रिंटर हवा होता तो रऊफमुळे. रऊफ तिचा एकुलता एक मुलगा, माँट्रियलला असतो. यायचं कधीचं ठरतंय, पण आधी तिथले कागद व्हायचे होते, मग मुली झाल्या, मग ती साथ आली, मग नवी नोकरी. दर शुक्रवारी नमाजानंतर न चुकता फोन करतो. मुलींचे फोटो पाठवतो, तेही भरपूर. पण खालतोला फोनमधले फोटो पटत नाहीत. ती म्हणते, हे म्हणजे मिठाईवाल्याच्या काचेतली बसबूसा. बघायची, आणि पुढे चालू लागायचं.

वदीअने एखादा फोटो नमुन्याला मागितला. खालतोने पर्समधून रुमालाची घडी काढली आणि त्यातून एक जुना फोटो बाहेर आला. मी ओळखला. पिवळा झगा घातलेली खालतो, हातात कांद्याची हिरवी जुडी, तोंड उघडं टाकून हसतेय. डोक्याचा वरचा थोडा भाग कापला गेलाय.

आधी त्याने लेसरवर काढून दाखवला. कागद चट्‌कन आला, गरम गरम. खालतोने लांब धरून पाहिला. म्हणाली, "ही बाई प्लॅस्टर लावून बसलीय." मग चार शायांचा एक प्रिंटर. त्यात झगा छान पिवळा आला, पण गालांवर बारीक बारीक ठिपके. "हिला गोवर आलाय," खालतो म्हणाली. वदीअ बिचारा सोशिक माणूस. त्याने कोपऱ्यातला सहा शायांचा सुरू केला. यात नेहमीच्या लाल-निळ्याच्या जोडीला त्यांच्याच फिक्या शाया असतात, त्यामुळे गालाचा उजेडातून सावलीत जाणारा भाग टप्प्याटप्प्याने न दिसता अलगद उतरतो, असं त्याने समजावलं. तो फोटो मात्र हळूहळू, पट्ट्यापट्ट्याने बाहेर आला. आधी कपाळ, मग डोळे, मग ते हसू. खालतोने बोटाने कांद्याच्या पातीला स्पर्श केला आणि मग काळ्याचं विचारलं.

वदीअला वाटलं केसांबद्दल विचारतेय. मलाही तेच वाटलं. तो म्हणाला, "हज्जा, केस अगदी काळेभोर येतील. हवे तर आणखी काळे करून देतो."

"हजला अजून जायचंय मला, तोवर बाई म्हण. आणि केसांचं नाही विचारत. काळ्याचं विचारतेय."

मग त्याने नीट सांगितलं. एक शाई कागदात मुरते. ती झगझगीत दिसते, पण उन्हात उडत जाते. दुसरीत रंगाची बारीक पूड असते, ती कागदावर बसते. चकाकी जरा कमी, पण वर्षानुवर्षं हलत नाही. "भिंतीवर लावणार असाल तर ऊन येतं का ते सांगा."

"सकाळचं येतं. आणि समुद्राची हवा तर दिवसरात्र."

"मग पुडीचीच घ्या. काचेच्या मागे ठेवलात तर तुमची नातवंडं म्हातारी होतील, फोटो नाही होणार."

तोच घेतला. निघताना वदीअने एक बजावलं. प्रिंटर नुसता ठेवून देऊ नका, आठवड्यातून एक तरी फोटो छापा, नाहीतर शाई आतल्या आत वाळून नळ्या बुजतात. "म्हणजे माझ्यासारखाच," खालतो म्हणाली. "रोज जिना उतरले नाही तर मीही बुजते."

टॅक्सीत खोकं आमच्या दोघींच्या मध्ये ठेवलं होतं. शेजारून ट्राम गेली तशी तिने नेहमीप्रमाणे मान वळवून ट्रामच्या ड्रायव्हरकडे पाहिलं. तिचे यजमान, अम्मो लुत्फी, हीच ट्राम चालवायचे. त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी ड्रायव्हर कोण आहे ते ती अजून बघते.

त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं, कारण काळ्याची गोष्ट तिथून सुरू होते. अम्मो लुत्फी अचानक गेले. सकाळी कामावर गेलेला माणूस दुपारी नव्हता. रऊफ तेव्हा चार वर्षांचा. घरात तीन दिवस माणसांची रीघ, आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की भिंतीवर लावायला फोटोच नाही. मेलेल्या माणसाचा मोठा फोटो दिवाणखान्यात हवा, त्याच्या कोपऱ्यावर काळी पट्टी तिरकी हवी, त्याशिवाय घराला दुःख झालंय हे आल्यागेल्याला कळणार कसं? शेवटी त्यांच्या भावाने कुणाच्यातरी लग्नातला एक घोळक्याचा फोटो शोधला. त्यातून अम्मोंचं डोकं कापून स्टुडिओवाल्याने मोठं केलं. भुवया ब्रशने नीट केल्या, मिशी दाट केली. घोळक्यातल्या कुणाचा तरी हात अम्मोंच्या खांद्यावर होता, तो रंगवून बुजवला. त्यामुळे खांद्यावर एक उंचवटा राहिला, जणू कोटाच्या आत बटाटा ठेवलाय.

फोटो घरी आला तेव्हा खालतो त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हा लुत्फी नव्हे. हा त्याचा चुलतभाऊ असेल."

पण लावला. काढून टाकणार कसा? तेव्हापासून त्या फोटोला ती 'पाहुणा' म्हणते. लहानपणी मी तिच्याकडे जायचे तेव्हा हाक यायची, "सूसू, पाहुण्याची काच पुसून घे गं." माझं नाव सुहेर, आता मलाही केस रंगवावे लागतात, पण तिच्यासाठी मी सूसूच. सणाला घरात काही गोड झालं की पाहुण्याला दाखवायची. "घ्या, तुम्ही कोण आहात माहीत नाही, पण आलाच आहात तर बसा."

तिने तीन वर्षं काळं घातलं. नवीन काळे कपडे शिवले नव्हते. होते तेच सगळे झगे मोठ्या पातेल्यात रंगाच्या पाण्यात उकळून काढले. फुलाफुलांचे, रेघांचे, सगळे एका रंगाचे झाले. मला आठवतं, आमच्या गॅलरीवर वरून काळं पाणी ठिबकायचं आणि आई ओरडायची नाही. पण गच्चीवरचं ऊन आणि समुद्राची खारी हवा. काही महिन्यांत ते काळे झगे आधी हिरवट झाले, मग मळकट तपकिरी. खाली दबलेली फुलं पुन्हा दिसायला लागली. शाळेतल्या मुली हसायच्या. खालतो पुन्हा पातेलं चढवायची.

तिसऱ्या वर्षी वसंतात शम्म अल-नसीम आला. सगळं शहर बागेत आणि समुद्रावर जायचा दिवस. रंगवलेली अंडी, खारवलेला मासा, हिरवा कांदा. खालतोने आम्हा कुणाला न सांगता एक झगा शिवून ठेवला होता. आई जिन्यात वाट बघत होती आणि वरून ती उतरली ती पिवळीधमक. लिंबासारखी पिवळी. शेजारची एक बाई दारात उभी होती, ती तोंड वासून बघतच राहिली. खालतो तिला म्हणाली, "काय करू, काळा टिकलाच नाही."

बागेत माझ्या वडिलांनी ऑफिसातल्या कुणाचा तरी कॅमेरा आणला होता. रऊफ सात वर्षांचा, त्याने हट्ट धरला की फोटो मीच काढणार. कॅमेरा त्याच्या तोंडाएवढा. तो मागे मागे जात खारवलेल्या माशाच्या पुडक्यावर बसला. खालतो त्याला बघून हसली आणि त्याने बटण दाबलं. तो हा फोटो. डोकं वरून कापलेला, पण त्यातलं हसू कॅमेऱ्यासाठी नाही, रऊफसाठी आहे.

प्रिंटर आला आणि खालतोला नवा उद्योग मिळाला. शुक्रवारी रऊफचा फोन झाला की ती एक फोटो छापायची. मग वरून दोरी सुटायची आणि तिची टोपली माझ्या गॅलरीत उतरायची. पूर्वी याच टोपलीतून ती खालच्या वाण्याकडून पाव आणि अंडी वर खेचायची. आता त्यात कागदात गुंडाळलेला फोटो, कधी सोबत कोथिंबिरीची जुडी, कधी अर्धी वाटी मोलोखियाची पातळ भाजी. फोटो तिने ठेवायचा आणि दुसरी प्रत मला द्यायची असा बेत नव्हता. बघून टोपलीत परत ठेवायचा, दोरी हलवायची, की फोटो वर. मी वर बघून विचारायचे, कसा आलाय? ती कठड्यावरून वाकून सांगायची, "पोरी बर्फात उभ्या आहेत. शाई वाचली."

गेल्या महिन्यात जिन्यात तिला धाप लागली. मी बळेच डॉक्टरकडे नेलं. हृदयाची एक झडप बदलायला हवी, या वयात काही सांगता येत नाही, पण न बदलून तर मुळीच चालणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. रविवारी सकाळी ऑपरेशन ठरलंय. दवाखान्याच्या व्हरांड्यातच तिने माझा दंड धरला. रऊफला सांगायचं नाही. नवीन नोकरी आहे, रजा मागेल, उगाच धावत येईल. मी म्हटलं, धावत यायलाच हवं. तिने दंड सोडला नाही.

"शिहाबच्या जिवाची शपथ घे."

शिहाब माझा मुलगा. हँबर्गमध्ये शिकतो. त्याला सर्दी झाली तरी मी इथे दोन रात्री जागते, हे तिला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच तिने नेमकी तीच शपथ घातली. मला पेचात पाडायला तिला नेहमीच बरोबर जागा सापडते. मी घेतली. येणारेजाणारे बघत होते आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. घेतली झालं.

परवा तिचे कपडे दवाखान्याच्या पिशवीत भरायला मी वर गेले. दिवाणखान्यात पाहुण्याशेजारी भिंतीत नवा खिळा होता. रिकामा.

"हा कुणासाठी ठोकलास?"

"माझ्यासाठी. का, तुला हवा होता?"

टेबलावर एक मोठा फोटो पालथा पडला होता. मी उलटला. पिवळा झगा, कांद्याची जुडी. भिंतीवर लावायच्या आकाराचा, पुडीच्या शाईचा, नितळ. गालावर सावली अशी उतरली होती की हात लावून बघावंसं वाटलं. आणि खालच्या कोपऱ्यात तिरकी, रुंद, काळी पट्टी. तीही छापलेली. फोटोवर कापडाची पट्टी लावतात हे मला माहीत होतं. छापून तयार ठेवतात हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मी तिच्याकडे पाहिलं. ती मात्र उशीच्या खोळी घडी करत होती. म्हणाली, माझ्या मागे तुम्ही ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावाल, त्यात मी पाकीट मारताना पकडलेल्या बाईसारखी दिसते. चाळीस वर्षं मी एका परक्या माणसाला सकाळचा सलाम घातलाय, माझ्या मुलाने तसं करू नये.

"पण पट्टी कशाला आत्ताच?"

"तुमच्यावर सोडली तर तुम्ही बाजारातली कापडाची लावाल. ती वर्षाच्या आत तपकिरी होते. तपकिरी पट्टी म्हणजे काय गं, अर्धी मेलेली?"

मी हसले नाही. तीही नाही हसली. मग तिने खोळीच्या टोकाचं सुटलेलं सूत तोडलं आणि नेहमीच्या शाळेतल्या आवाजात म्हणाली, "रऊफला यायला वेळ लागतो, सूसू. तोवर टिकला पाहिजे."

एवढंच. दुसऱ्याच क्षणी ती प्रिंटरकडे वळली आणि म्हणाली, मी दवाखान्यात असेन त्या शुक्रवारी आठवणीने एक फोटो छाप, कुठलाही चालेल, माशाचा काढलास तरी चालेल, पण नळ्या बुजू देऊ नकोस. आल्यावर मला पुन्हा वदीअकडे जाऊन त्याचं बोलणं ऐकायचं नाही. मी हो म्हटलं. एकीकडे खिळा ठोकून ठेवलाय आणि एकीकडे शाई ओली ठेवायला सांगतेय. यातलं कुठलं खरं मानायचं?

मी तो फोटो पुन्हा पालथा ठेवला आणि खाली आले. तेव्हापासून विचार करतेय. तिने दुकानात काळा किती टिकतो विचारलं तेव्हा तिला झडपेचं माहीत नव्हतं. म्हणजे ती मरायच्या तयारीला लागली होती असं नाही. ती फक्त रऊफची वाट किती लांब असेल ते मोजत होती. आणि उत्तर मिळालं, नातवंडं म्हातारी होईपर्यंत. हे उत्तर ऐकून तिला बरं वाटलं.

आमच्यात शपथ मोडली तर दहा गरिबांना जेवू घालतात. शिवाय मुलाच्या जिवाची शपथ ही शपथच नव्हे, शपथ फक्त अल्लाहच्या नावाची, असंही जाणकार सांगतात. माझ्या नवऱ्याने रात्री मला हेच सांगितलं आणि घोरायला लागला. त्याचं ठीक आहे. तो चिडला तरी जेवतो, काळजी असली तरी झोपतो. पण आईच्या आतड्याला जाणकारांचं कळत नाही. शिहाबचं नाव तोंडातून गेलंय. हँबर्गमध्ये तो एवढ्या रात्री सायकलवरून कुठे जात असेल, हे मी तीनदा मनात आणलं आणि तीनदा झटकलं.

मग दुसऱ्या बाजूने पाहिलं. उद्या मी एखाद्या दुकानात उभी राहून असलं काही विचारलं, आणि शिहाबला सांगू नका म्हणून कुणाकडून वचन घेतलं, तर मला खरंच वाटेल का की ते पाळावं? तोंडाने सांगेन मी शंभरदा. पण रात्री पडल्या पडल्या जिन्यातल्या पावलांकडे कान लावीन. खालतो असंच करत असणार. वरच्या मजल्यावर मला आत्ताही तिच्या सपातांचा आवाज येतोय, दिवाणखान्यापर्यंत जातात आणि थांबतात. त्या भिंतीपाशीच थांबत असणार.

मोठा फोटो लावायचाच असेल तर लावू. पट्टीचा कोपरा कात्रीने कापून टाकीन, चौकट जरा लहान घेईन. तो फोटो ज्याने काढला त्याने येऊन तो खिळ्यावर टांगावा, आणि जिच्याकडे बघून काढला तिने खुर्चीत बसून वाकडा आहे, डावीकडे घे, असं त्याला सांगावं. रविवारला अजून वेळ आहे. माणूस आज विमानात बसला तर पोचतो.

स्वयंपाकघरात जाऊन मी मोठ्या पातेल्यात मसूर भिजत घातले. उद्या दहा जणांची मसूर-भाताची कोशरी करीन. दहाच कशाला, वीस जणांची करते, शिहाबच्या नावाने. कांदे पण तळायला जास्त घेते.

माँट्रियलला आता संध्याकाळ असेल, रऊफ कामावरून घरी आला असेल. पहिल्यांदा त्याला विचारणार आहे, तू माशाच्या पुडक्यावर बसला होतास ते आठवतं का. मग बाकीचं सांगीन. फोन हातात घेतलाय, लावते.